सायीखालची कोरडी

[पिंप सात. तळची ओळ. बोंडूची वाईन, कोरडी. जोर पंधरा टक्के. हलवू नये.]

सत्यवान तावडेने जन्मभर लेबलं लिहिली. सावंतवाडीच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तो एकतीस वर्षं परिचर होता. नळ्या धुवायच्या, बर्नर पेटवून द्यायचे, आणि सर सांगतील ते लिहून बाटलीवर चिकटवायचं. सौम्य. तीव्र. विषारी. कोपऱ्यात सरांची सही. अक्षर छापल्यासारखं यायचं, त्यामुळे निरोपसमारंभात सगळ्यांनी कौतुक केलं ते त्याच्या अक्षराचं. बाटलीच्या आत जे असेल त्याच्याशी सत्यवानाचा काही संबंध नाही, असं सगळ्यांनीच धरलेलं होतं. ते त्याला एकतीस वर्षं कुसळासारखं टोचत राहिलं, पण बोलून दाखवण्याइतकं मोठं ते कुसळ नव्हतं.

निवृत्त झाला तसा तो गावी आला. खारेपाटणहून विजयदुर्गाकडे जाताना एक फाटा खाडीकडे उतरतो, तिथे त्याचं घर आणि घरामागे दोन एकर काजू. माणसं म्हणाली, आता सत्यवान ओटीवर बसणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणार. सत्यवानाने खाणीवरून चिरे आणले आणि घराच्या उत्तरेला, निम्मी जमिनीत आणि निम्मी वर, अशी बिनखिडकीची खोली बांधायला घेतली. गावाला वाटलं, आंब्याच्या अढीसाठी असेल. मग गोव्याहून टेम्पो आला आणि त्यातून एकवीस जुनी लाकडी पिंपं उतरली. तेव्हा गावाला दुसरंच काहीतरी वाटलं आणि संध्याकाळी चौकशीला येणाऱ्यांची संख्या वाढली.

[बोंडू. झाडाखाली पडल्यापासून चार तासांच्या आत उचललेला. डागी घेऊ नये.]

काजूची बी पिरगळून काढली की हातात उरतं ते फळ म्हणजे बोंडू. बीला भाव, बोंडूला माश्या. फेब्रुवारीपासून मेपर्यंत सगळ्या बागांमध्ये तो पडतो, फुटतो, आंबतो आणि हवेला एक गोडूस, डोकं जड करणारा वास लावून ठेवतो. सत्यवान तो पहाटे उचलतो, धुतो, पिळतो. रस घशाला धरतो, म्हणून त्यात तांदळाची पेज घालून ठेवतो. तुरटपणा पेजेबरोबर तळाला बसतो. मग वरचा नितळ रस आंबायला लावतो, तो थेट साखरेचा शेवटचा कण संपेपर्यंत. अशी बिनगोडीची वाईन म्हणजे कोरडी. मग परवान्याच्या कारखान्यातून आणलेला, काजूचाच दोनदा गाळलेला अर्क घालून तिला पंधरा टक्क्यांचा जोर द्यायचा आणि पिंपात भरायची. पण तोंडापर्यंत नाही. वर हातभर मोकळं ठेवायचं.

इथे गावाने कपाळाला हात लावला. कोकमाचं आगळ असो, लोणचं असो, खारातले आंबे असोत, बरणी गळ्यापर्यंत भरायची हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि झालंही तसंच. महिन्याभरात पिंपात वर एक पांढुरका पापुद्रा धरला, सुरकुतलेला, पिठूळ. काशीबाई शेजारीण, वय सत्तरीच्या पुढे, खाडीत कालवं काढणारी. तिने टॉर्च मारून पिंपात बघितलं.

"सत्यवाना, तुझ्या पिंपाक बुरशी इली रे."

"बुरशी नाय ती. साय."

"दुधार येता ती साय," काशीबाई म्हणाली. "ह्येच्यार येता ती बुरशी."

पण ती सायच होती, निदान सत्यवानाने तिला तेच नाव ठेवलं. ती हवा स्वतः खाते आणि खालच्या वाईनला हवा लागू देत नाही, म्हणून वाईन तांबडी न पडता फिकट गवती राहते. गोडीचा मागमूसही ती ठेवत नाही. आणि बदल्यात स्वतःचं काहीतरी खाली सोडते. ओल्या वाळूसारखं, सोललेल्या बदामासारखं, रात्री भिजवून सकाळी उघडलेल्या आंबोळीच्या पिठासारखं. हिवाळ्यात ती जाड होते. उन्हाळ्यात उकाड्याने मरायला टेकते, म्हणून मार्चपासून पाऊस येईपर्यंत सत्यवान चिऱ्याच्या भिंतींवर ओली गोणपाटं लावतो आणि दिवसातून चार वेळा त्यांवर पाणी मारतो. तिला मोडायचं नाही हा पहिला नियम. पिंपं सात-सातच्या तीन ओळींत एकावर एक रचलेली; तळच्या ओळीतून तिसरा हिस्सा काढायचा, तेवढी मधल्या ओळीतली तळच्या ओळीत भरायची, वरच्या ओळीतली मधल्या ओळीत, नवी वरच्या ओळीत. आणि भरताना वाकडी नळी सायीच्या खाली नेऊन थेंबाथेंबाने सोडायची. त्यामुळे पिंप कधी रिकामं होत नाही. आज काढलेल्या पेल्यात पहिल्या वर्षाचा थोडा तरी बोंडू असतोच.

सकाळी अकराला कॉलेजात प्रॅक्टिकल सुरू व्हायचं. रोज बरोबर अकराला सत्यवान पिंप सातचं बूच काढतो. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या, लाकडी खेळणी करणाऱ्या मित्राने त्याला बांबूच्या लांब कामटीला जोडलेलं अंगठ्याएवढं एक लाकडी भांडं करून दिलंय. न रंगवता दिलेली ती त्या मित्राची पहिलीच वस्तू. ते सायीतून सुईसारखं खाली जातं आणि वर येतं तेव्हा मागे साय आपली आपण मिटते. मग हात डोक्याच्या वर नेऊन त्याची धार खालच्या हातातल्या पेल्यात सोडायची. पहिल्या वर्षी अर्धी कोपरावरून वाहायची. आता एक थेंब सांडत नाही. एक पेला, उभ्याने, खोलीच्या दारात. बाटलीच्या आत काय असावं हे आता तो ठरवत होता आणि रोज अकरा वाजता त्याची छाती त्या एका पेल्याने दोन बोटं रुंद व्हायची.

[करार. तोंडी. साक्षीला पिंप सात.]

वाईन करण्याचा परवाना समीक्षाच्या नावावर होता. समीक्षा त्याची पुतणी, दापोलीला अन्नप्रक्रिया शिकलेली. खोलीच्या आतलं सगळं काकाचं आणि खोलीच्या बाहेरचं सगळं तिचं, अशी वाटणी होती. बाहेरचं म्हणजे माणसांची तोंडं. आणि ज्या ज्या तोंडाने चव घेतली त्याने एकच सांगितलं होतं. छान आहे, पण जरा गोड हवी. कणकवलीत सांगितलं, कुडाळात सांगितलं, मालवणच्या एका घरगुती खानावळीच्या मालकाने तर पेला पाहुण्याला निरोप द्यावा तसा परत केला. किनाऱ्यावर तीन हॉटेलं असलेल्या एका कंपनीत खाण्यापिण्याची निवड करणाऱ्या गौरजाबाईंनी पुण्याहून फोनवर तेच विचारलं. थोडी गोड करता आली तर पर्यटकांना देता येईल, एका मोसमाला सहाशे बाटल्या.

समीक्षाने काकाला न दुखावता एक नमुना केला. बोंडूचाच रस आटवून पाक केला आणि कोरडीत मोजून घातला. काकाला दिला. सत्यवानाने तो जिभेवर फिरवला, गिळला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की बरा आहे. तो वाईट असता तर त्याला झोप लागली असती.

त्यानंतर तीन दिवस दोघं एकमेकांशी फक्त जेवणाखाण्याचं बोलली. चौथ्या दिवशी खोलीत, पिंप सातपाशी, समीक्षाने विषय काढला. ती म्हणाली की एकवीस पिंपं भरून आहेत आणि येत्या मोसमाचा बोंडू पडायला लागलाय. गौरजाबाई स्वतः यायला तयार आहेत. त्यांना आधी कोरडी देऊ, काही न सांगता, काही न पटवता. आवडली तर गोड नमुना फ्रिजमधून बाहेरही काढायचा नाही. नाही आवडली, तर ह्या वर्षीपासून सगळी पिंपं गोड.

"आणि काका, तुमी मधी बोलूचा नाय. तुमी सुरू झालास की लोकांका हो म्हणूचाच लागता."

"बोलूचंय नाय," सत्यवान म्हणाला. "एक शब्द नाय."

[गूळ. चिनी मातीची बशी. खडे सुपारीएवढे.]

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, साडेअकराच्या उन्हात, गाडी फाट्यावरून खाली आली. गौरजाबाई उतरल्या, पंचेचाळिशीच्या, सुती कुर्ता, पायांत चालायचे बूट, बघता बघता चारी बाजूंचं टिपून घेणारी नजर. त्यांच्याबरोबर विराज, त्यांच्या मालवणच्या हॉटेलातला मुख्य आचारी, तिथल्याच दांडी किनाऱ्याकडचा. त्याने उतरताच काजूच्या वासाचा एक मोठा श्वास घेतला आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसला.

समीक्षाने सगळं कागदावर लिहून काढलं होतं. आल्याबरोबर साधं पाणी, दहा मिनिटं सावलीत बसणं, मग चार पेले, थंड, निम्म्यापेक्षा कमी भरलेले. ती ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन आली आणि ओटीवरच सत्यवानाने तिला अडवलं.

"पावण्यांका नुसतां पाणी?" तो हळू आवाजात म्हणाला. "रे देवा. गूळ खंय आसा?"

समीक्षाने डोळ्यांनी कागदाकडे खूण केली. सत्यवानाने कागदाकडे बघितलंच नाही. त्याच्या आजोबांच्या काळापासून ह्या ओटीवर चढलेल्या माणसाने, मग तो तलाठी असो की बांगड्या विकणारा, गुळाच्या खड्याशिवाय पाणी प्यायलेलं नव्हतं. आजची पाहुणी तर पुण्याहून आलेली. आज गूळ नाही दिला तर कधी द्यायचा? त्याने स्वतः फडताळातून बशी आणली, चांगले काळे, मऊ खडे निवडून. करारात न बोलणं होतं, गूळ न देणं नव्हतं.

गौरजाबाईंनी एक खडा घेतला आणि डोळे मिटले. म्हणाल्या, लहानपणी आजोळी असा गूळ असायचा. एवढं ऐकल्यावर सत्यवान कशाला थांबतो. त्याने दुसरा घ्यायला लावला. पाहुण्याबरोबर घरच्यानेही घ्यायचा, म्हणून एक स्वतःच्या तोंडात टाकला. समीक्षाला दिला, तिनेही घेतला, न घेऊन सांगते कुणाला. विराजपुढे बशी गेली तेव्हा त्याने हात जोडले.

"नको काका. माका शुगर आसा. पाणी देवा."

त्याच्याबद्दल सत्यवानाला मनापासून वाईट वाटलं.

[नमुना. कोरडी. चार पेले. चव घेणारे चार.]

समीक्षाने बाटली उघडली. सत्यवान दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, हात मागे बांधून, जसा तो एकतीस वर्षं प्रयोगशाळेच्या दारात उभा राहायचा.

गौरजाबाईंनी पेला उजेडात धरला. रंग बघून मान हलवली. वास घेतला, पुन्हा घेतला, आणि वहीत काहीतरी लिहिलं, एक पूर्ण ओळ. मग त्यांनी पेला ओठांना लावला, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि

त्यांच्या डाव्या डोळ्याखालचं कातडं आवळलं. एवढंच. कुणी दुसरं असतं तर दिसलंही नसतं.

त्यांनी घोट गिळला, पाणी प्यायलं आणि सौम्यपणे सांगितलं की वास फार सुंदर आहे, तोंडात मात्र ती जरा आंबट पडते, आणि मध्ये काही नाही, पोकळ वाटते. कदाचित प्रवासाने त्यांचंच तोंड बिघडलं असेल.

सत्यवानाने आपला पेला उचलला. घोट घेतला.

आंबट होती. चिंचेच्या पाण्यासारखी आंबट, पातळ, मागे कडवट. काल अकराला होती ती ही नव्हती. आज सकाळीही त्याने एक पेला घेतला होता आणि तेव्हा तिच्यात बदाम होता, वाळू होती, शेवटाला समुद्र होता. तासाभरात बाई बदलून कुणी दुसरीच आणून बसवावी तशी ती त्याच्या जिभेवर बसली होती. साय मेली असेल. बाटली धुताना राहिलं असेल काहीतरी. किंवा, आणि हे सगळ्यात वाईट होतं, ती पहिल्यापासून अशीच असेल आणि चार वर्षं तो स्वतःच्याच कौतुकाची चव घेत आला असेल.

त्याने पेला खाली ठेवला आणि हात पुन्हा मागे बांधले. शब्द दिला होता.

समीक्षाने त्याच्याकडे बघितलं. तिलाही ती आंबट लागली होती, ते तिच्या चेहऱ्यावर होतं. मग ती उठली, आत गेली, आणि फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

[निरीक्षण.]

प्रयोगशाळेत तीस-तीस मुलं एकाच बाटलीतलं द्रावण घ्यायची आणि एकोणतीस जणांचं उत्तर एक यायचं, एकाचं वेगळं. सर त्या एकाला ओरडायचे. सत्यवान मात्र मुलं गेल्यावर त्या एकाची नळी उजेडात धरून बघायचा. जवळजवळ दर वेळी नळीच दोषी निघायची. आधीचं काहीतरी आत राहिलेलं असायचं.

आता त्याची नजर टेबलावर फिरली. गौरजाबाईंचा पेला, एक घोट कमी. समीक्षाचा, एक घोट कमी. त्याचा स्वतःचा, एक घोट कमी. विराजचा पेला रिकामा.

रिकामा, आणि विराजने तो अजून हातात धरलेला, नाकाशी, साहेबीण काय म्हणतायत ते ऐकून गप्प बसलेला.

बाटली एक. पेले एकसारखे. माणसं चार. तिघांना आंबट, एकाला नाही. त्या एकाच्या नळीत काय नव्हतं?

सत्यवानाने गुळाच्या बशीकडे बघितलं. बशीत दोन खडे शिल्लक होते, काळे, मऊ, चांगले निवडलेले.

त्याला हसू आलं असतं, पण समीक्षा गोड नमुना घेऊन बाहेर येत होती.

[खारं.]

बोलायचं नव्हतं, पण हलायला बंदी नव्हती. सत्यवानाने पहिल्यांदा गुळाची बशी उचलली आणि फडताळात ठेवून फडताळाचं दार लावलं. मग तो मागच्या दाराने बाहेर पडला.

ओहोटी लागून दोन तास झाले होते. काशीबाई खाडीतून नुकतीच वर आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला कोयती, टोपलीत कालवं, अजून खाडीचं पाणी गाळणारी. सत्यवानाने टोपलीकडे हात केला. काशीबाई म्हणाली की ही तिने शेजारच्या वाडीतल्या लग्नघरी कबूल केलेली आहेत, त्याला दुसऱ्या खेपेची मिळतील. सत्यवानाने दोन्ही हात जोडले. सत्यवान गप्प आहे हे बघूनच ती इतकी घाबरली की तिने टोपली खाली ठेवली आणि घरात कुणाचं बरंवाईट झालं का ते विचारलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं, आणि चुलीकडे बोट दाखवलं.

न्हाणीच्या चुलीत सकाळचे निखारे होते. त्याने कालवं शिंपल्यांसकट निखाऱ्यांवर मांडली. पाचएक मिनिटांत एकेकाने तोंड उघडलं, आत मांस आक्रसून पांढरं झालेलं आणि भोवती चमचाभर खारं पाणी उकळतंय. लिंबू नाही, मसाला नाही. त्याने ती केळीच्या पानावर घेतली. मग चिऱ्याच्या खोलीत शिरून पिंप सातचं बूच काढलं, कामटी खाली सोडली आणि दोन पेले भरून आणले.

ओटीवर आला तेव्हा गौरजाबाई गोड नमुना पीत होत्या. म्हणत होत्या की हे चालेल. चालेल, हा शब्द सत्यवानाने चौकटीतच ऐकला. चांगली परीक्षा दिलेल्या मुलाला पास म्हणावं तसा तो शब्द होता. समीक्षा मान खाली घालून बाटल्यांचा आकडा लिहीत होती.

त्याने गौरजाबाईंपुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि हाताने खूण केली, चूळ भरा. त्या गोंधळल्या, पण त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की उठल्या, ओटीच्या कडेला जाऊन चूळ भरून आल्या. मग त्याने पान पुढे केलं.

विराज खुर्चीतून अर्धा उठला. "कालवां! निखाऱ्यावरची!"

गौरजाबाईंनी एक शिंपला उचलला, आतलं खारं पाणी ओठांनी ओढून घेतलं, कालव खाल्लं. मग सवयीने हात समोरच्या, गोड पेल्याकडे गेला. घोट घेतला आणि तो पेला त्यांनी टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला ठेवला, जणू त्यात माशी पडली होती. सत्यवानाने कोरडीचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला.

त्यांनी घोट घेतला.

ह्या वेळी चेहऱ्यावरचं काहीही आवळलं नाही. त्यांनी दुसरं कालव खाऊन दुसरा घोट घेतला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी वही बंद केली आणि बाजूला ठेवली.

समीक्षा टेबलाकडे बघत होती, मग रिकाम्या जागेकडे, जिथे गुळाची बशी होती. तिच्या हातातलं पेन थांबलं.

"काका," ती म्हणाली. "गूळ."

सत्यवानाने मान डोलावली. मोठ्याने.

मग समीक्षानेच सगळं सांगितलं. चूक आमची झाली, ती म्हणाली. कोरड्या वाईनच्या आधी जिभेवर गोड ठेवलं की वाईन आंबट आणि पोकळ लागते, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी शिकले आहे, पेपरात लिहून मार्क मिळवले आहेत, आणि आपल्याच ओटीवर विसरले.

गौरजाबाई हसल्या, पहिल्यांदाच. "मी वीस वर्षं हेच काम करते. मला कळायला नको होतं? पण तुमच्या काकांनी इतक्या मायेने दिला, त्यांना नाही कोण म्हणणार."

"मी म्हटलंय," विराज म्हणाला. "शुगरचो एक तरी फायदो झालो."

मग तो सत्यवानाकडे वळला आणि थट्टा बाजूला ठेवून म्हणाला की काका, आमच्याकडे माणूस पितो ती मासळीबरोबर, आणि मासळीबरोबर प्यायला आजपर्यंत आपल्या खाडीचं असं काही नव्हतं. ही माझ्या आज्याने कालवांबरोबर प्यायला हवी होती.

सत्यवानाने उरलेली चार कालवं विराजच्या पुढे सरकवली.

[अटी.]

खोली बघायला सगळी उतरली. सत्यवानाने कामटी सायीतून खाली नेली, वर काढली आणि हात उंच नेऊन धार सोडली. एक थेंब सांडला नाही. गौरजाबाईंनी टॉर्चच्या उजेडात साय मिटताना बघितली आणि आवाज खाली आणून विचारलं की ही अशी रोज होते? समीक्षा म्हणाली, रोज, अकरा वाजता.

सहाशे बाटल्या, कोरड्या, तिन्ही हॉटेलांसाठी. लेबलावर गावाचं नाव. समीक्षाने सगळं लिहून घेतलं आणि मग काकाकडे बघून म्हणाली की करार संपला, आता बोला काय ते.

सत्यवानाने घसा खाकरला. तासाभरात पहिल्यांदाच तोंड उघडत होता, त्यामुळे त्याचा आवाज जरा अवघडून आला, आणि तो प्रमाण मराठीत बोलला, जसा तो कॉलेजात बाहेरच्या परीक्षकांशी बोलायचा.

"मॅडम, तुमच्या हॉटेलात पाहुणा आला की आधी काय देता?"

गौरजाबाईंनी सांगितलं की कोकम सरबत. सगळ्यांना. तीच तर ओळख आहे.

"मग ज्याला सरबत दिलं त्याला ही देऊ नका."

सहाशे बाटल्या हवेत लटकल्या. गौरजाबाईंनी म्हटलं की काका, हे आमच्या स्वागताचं आहे, वरपासून ठरलेलं. सत्यवान म्हणाला की स्वागत माझंही ठरलेलं होतं, तीन पिढ्यांचं, आणि त्यानेच आज माझी माती केली असती. तुम्ही सरबत द्या, खुशाल द्या, जाताना द्या. नाहीतर ह्या पेल्याच्या आधी काहीतरी खारं द्या. ते जमत नसेल तर पिंपं इथेच बरी आहेत. त्यांना घाई नाही.

हे तो आवाज न चढवता बोलला. विराज भिंतीच्या चिऱ्याकडे बघत उभा राहिला, कारण त्याला हसू आवरत नव्हतं.

गौरजाबाईंनी पिंप सातकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "लिहून द्या. बाटलीवरच लिहा. मी वाढणाऱ्यांना पाठ करायला लावते."

गौरजाबाई गाडीत बसताना सत्यवानाने फडताळातली बशी आणली आणि खिडकीतून आत धरली. आता घ्या, तो म्हणाला. गौरजाबाईंनी दोन्ही खडे घेतले.

काशीबाई तोपर्यंत तिच्या कालवांचा हिशोब विचारायला ओटीवर येऊन बसली होती. टेबलावर राहिलेला गोड नमुना तिने वास घेऊन बघितला, पिऊन बघितला, आणि ह्यां बरां आसा, ह्यां करूक काय झालां होतां तुका, असं म्हणत बाटली पदराखाली घेऊन घरी गेली. तिला कुणी अडवलं नाही.

समीक्षा म्हणाली की मजकूर सांगा, छापखान्याला पाठवते. सत्यवानाने मान हलवली. त्याने चष्मा लावला, टेबल पुसलं, कोरा कागद घेतला आणि पट्टीने रेघा आखून लिहायला बसला. अक्षर अजूनही छापल्यासारखं येत होतं. शेवटच्या ओळीनंतर तो थांबला. कोपऱ्यात सहीची जागा होती, एकतीस वर्षं ती जागा तो सोडत आला होता. आज ती भरली.

[बोंडूची वाईन. कोरडी. जोर पंधरा टक्के. थंड द्यावी. खाऱ्याबरोबर द्यावी. आधी गोड देऊ नये. गोड निघताना द्यावं. — स. तावडे]